भिवरासाठी विझलेल्या चुली

फार फार जुनी गोष्ट. एका गावात एक भला नियम होता. कुणाचा खून झाला, तर खुनी सापडेपर्यंत गावात चूल पेटायची नाही. आणि काय सांगू, खुनी दिवस मावळायच्या आत सापडायचा! पोटात कावळे ओरडू लागले की भल्याभल्यांना सगळं आठवतं.

त्या गावात सेवंती राहायची. पाटलाच्या भावकीत मुलगा म्हणून जन्मली, पण लहानपणापासून स्वतःला बाईच मानत आली आणि लुगडं नेसू लागली. तिची जिवाभावाची मैत्रीण भिवरा. तीही तशीच, पण नदीपलीकडच्या दगडफोड्यांची, रंगाने काळीकुळकुळीत. दोघी मिळून गावातल्या बारशांना पाळणे गायच्या.

एकदा कारभाऱ्याच्या थोरल्या पोराने आणि त्याच्या टोळक्याने दोघींना दगड मारले. सेवंतीला नुसतं खरचटलं, तर पाटलाने त्यांना चावडीवर फोडून काढलं. भिवराचा दात पडला, त्याचं कुणी नावही काढलं नाही. सेवंतीही गप्प बसली. टोळक्याला मात्र पक्कं कळलं, की कुणावर हात टाकायचा नाही आणि कुणावर टाकला तरी चालतो.

पुढल्याच महिन्यात भिवरा नदीकाठी मेलेली सापडली. डोकं ठेचलेलं होतं.

सेवंती धावत पाटलाकडे गेली. "काका, चुली विझवायला सांगा."

"कुणासाठी?" पाटील म्हणाला. "धड बाई ना बाप्या, त्यात पलीकडची काळी. ती काय गावची होती?"

"तुमच्या नातवाचा पाळणा गायला बरी गावची होती!"

"तू आमची, म्हणून ऐकून घेतो. जा घरी."

सेवंतीच्या अंगाची लाहीलाही झाली. पाटलाची आणि स्वतःचीही चीड आली. तिने घागर उचलली आणि पाटलाच्याच चुलीवर रिकामी केली. मग दुसरं घर, तिसरं घर. शिव्या खाल्ल्या, फटके खाल्ले, लुगडं फाटलं, पण ती थांबली नाही. नदीपलीकडच्या बायकाही घागरी घेऊन आल्या. ओल्या चुली काही केल्या पेटेनात.

दुपार टळली, पोरं भुकेने रडू लागली, तशी एक म्हातारी दारात येऊन ओरडली, "कारभाऱ्याचा थोरला रक्ताचं धोतर धूत होता, मी पाहिलंय!"

"मीपण पाहिलं," शेजारीण म्हणाली.

"मीपण," तिचा नवरा म्हणाला.

अहो, सगळ्यांनी पाहिलं होतं! तोवर उपाशी तेवढं कुणी नव्हतं.

गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्याने कारभाऱ्याच्या पोराला जन्मभर कोठडीत टाकलं आणि पाटलाची पाटीलकी काढून घेतली. भिवरा काही परत आली नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्या खुनाने गावाची चूल विझत नाही, त्याचा जीव सगळ्या गावाने मिळून घेतलेला असतो.