तिन्हीसांजेचा विस्तव

घाटमाथ्यावर आंबेदरा नावाची अकरा घरांची वाडी आहे. भक्तहो, काडेपेटी त्या डोंगरात पोचली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. चुलीतला विस्तव राखेखाली झाकून जपायचा, आणि विझलाच तर शेजारी जाऊन मागून आणायचा, अशी रीत होती. मात्र तिन्हीसांजेला कुणी विस्तव देत नसे. दिला तर घरची लक्ष्मी त्याच्यामागे निघून जाते, असा समज होता.

एका वर्षी ज्येष्ठात भिवनाथ महाराज या वाडीत आले. वाडीचे कारभारी सुभानजी यांनी नुकतंच जाड मातीच्या भिंतींचं कौलारू घर बांधलं होतं. महाराज आपल्याकडेच उतरणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. महाराज गेले ते थेट ठकूबाईच्या खोपटात! ठकूबाई विधवा, एकटी. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप आणि वर गवताचं छप्पर, एवढाच तिचा संसार.

"म्हाराज, त्या छपरातनं चांदण्या मोजता येत्यात," सुभानजी सगळ्यांदेखत म्हणाले. "भिजायची हौस आसंल तर ऱ्हावा तितं."

नेमकी त्याच संध्याकाळी वळवाची सर आली, छप्पर गळलं आणि ठकूबाईची चूल विझली. महाराजांना भाकरी कशावर करायची? ती खापर घेऊन सुभानजींच्या दारी गेली.

"तिन्हीसांजेला इस्तू मागतीस, ठके?" सुभानजी म्हणाले. "आन् तुझ्या घरात जळायला तरी हाय काय?" ओसरीवरची माणसं खो खो हसली.

ठकूबाई रडत परतली. महाराजांनी गार राखेत हात घातला आणि रसरशीत निखारा बाहेर काढला!

"माई, हा विझायचा नाही," महाराज म्हणाले. "फक्त मागेल त्याला नाही म्हणू नकोस. वेळ कोणतीही असो."

दुसऱ्या दिवशी महाराज बारा कोसांवरच्या गावी निघून गेले.

आषाढ लागायच्या आधी वाडीतला प्रत्येक जण वाऱ्याकडच्या भिंतीला गवताच्या झड्या बांधतो, म्हणजे भिंत भिजत नाही. सुभानजींनी त्या बांधल्या नाहीत. "कौलारू घराचं खोपाट करू व्हय?" असं ते म्हणाले. माणसाला अवदसा आठवते ती अशी.

मग पाऊस लागला तो नऊ दिवस हटला नाही. धुकं इतकं की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. त्या धुक्यातून बिबट्या भरदिवसा गोठ्यात शिरला आणि कालवड घेऊन गेला. त्याची खर्जातली गुरगुर कधी या घरामागून येई, कधी त्या. वाडी दारं लावून जीव मुठीत धरून बसली. ठकूबाई चुलीवर इरलं धरून बसे. पाणी तिच्या पाठीवर पडे, विस्तवावर नाही.

नवव्या दिवशी सुभानजींची लेक बाळंत झाली आणि दिवेलागणीला पाणी प्यालेली भिंत चुलीवर कोसळली. विस्तव गेला, दिवा गेला. शेक मिळेना, म्हणून बाळ गार पडत चाललं. त्याचे ओठ निळे झाले.

सुभानजी खापर घेऊन दारोदार धावले. "तिन्हीसांज हाय, कारभारी," प्रत्येक दारातून एवढंच ऐकू आलं. शेवटी ते ठकूबाईच्या दाराच्या ताटीशी उभे राहिले.

"ठकूबाई... पोर जातंय गं माजं."

चुलीत उरला होता एकच निखारा. लाकडं ओली होती, बाहेर बिबट्या होता. हा दिला तर अंधारात आपलं काय होणार? ठकूबाईनं डोळे मिटले, महाराजांचं नाव घेतलं आणि निखारा खापरात ठेवला.

"पळा, कारभारी!"

सुभानजी धावले. पाऊस खापरात कोसळत होता, पाणी काठापर्यंत आलं, आणि त्या पाण्याखाली निखारा लालच होता! घरी पोचताच शेगडी पेटली. ऊब लागताच बाळानं टाहो फोडला.

इकडे ठकूबाईच्या ताटीवर नखं ओरबाडू लागली. ताटीची एक काठी मोडली. फटीतून दोन डोळे आत बघत होते. "महाराज!" ती किंचाळली, आणि रिकाम्या चुलीतून जाळ भडकला, थेट पुरुषभर! डोळे मागे सरले. गुरगुर डोंगराकडे विरून गेली.

श्रावणात ऊन पडलं तसे महाराज पुन्हा आले. सुभानजी ठकूबाईच्या छपरावर नवं गवत शाकारत होते. ते उतरून पुढे झाले आणि थबकले. महाराजांच्या दोन्ही तळहातांवर भाजल्याचे मोठाले फोड होते.

"म्हाराज, ह्ये कशानं?"

"पाऊस फार होता, सुभानजी," महाराज म्हणाले. "एका हातात तुझा विस्तव धरला, दुसऱ्यात माईचा."

सुभानजींनी चिखलातच लोटांगण घातलं. मग ते उठले आणि ठकूबाई नको नको म्हणत असतानाही त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

आंबेदऱ्यात आजही तिन्हीसांजेला मागितलेला विस्तव आधी सुभानजींच्या घरातून मिळतो.