काठोकाठ भरलेला रांजण

ही गोष्ट फार फार जुनी. तेव्हा राजे गावं पाहायला निघत आणि गावं राजापुरती सजत.

त्या काळी एका डोंगरावर एक गाव होतं. पायाखाली सगळा काळा कातळ, मूठभर मातीही सापडायची नाही. तरी तिथे घरोघरी दुधी, वाल, वांगी पिकत. कारण त्या गावात माती शोधत नसत, माती करत.

प्रत्येक घराच्या पडवीत, सावलीला, तळाला भोकं पाडलेला एक रांजण असे. आत पालापाचोळा, वाळलेलं शेण आणि गांडुळं. भाजीची सालं-देठं खाऊन गांडुळं काळंभोर, भुसभुशीत खत करून देत. सासू सुनेला एवढंच सांगे, "मूठभर दे, पाल्यानं झाक आणि विसर." खारट, आंबट, तेलकट काही घालायचं नाही. आधीचं संपल्याशिवाय पुढचं द्यायचं नाही.

आणखी एक रीत होती. लेक सासरी निघाली की आई आपल्या रांजणातली गांडुळांसकट ओंजळभर माती तिच्या ओटीत घाली. आसपासच्या सगळ्या गावांत कातळच होता. त्या ओंजळीशिवाय नवा संसार रुजत नसे.

सगुणाचा रांजण गावात सगळ्यांत चांगला. थोरली लेक तिची ओंजळ घेऊन डोंगरापलीकडे नांदत होती. धाकटीचं लग्न महिन्यावर आलं होतं.

एवढ्यात निरोप आला, की राजा माती करणारं गाव बघायला येणार आहे, चार दिवसांनी.

पाटलांनी गाव चावडीवर बोलावलं. "राजाला काय पडव्या-पडव्यांतून फिरवायचं? सगळ्यांचे रांजण एकाच मोठ्या रांजणात रिकामे करा. चावडीपुढं ठेवू, काठोकाठ भरलेला."

कुंभाराने विचारलं, "तळाला भोकं किती पाडू?"

"भोकं? राजासमोर ठिबकणारं भांडं ठेवतोस?"

भोकं पाडली नाहीत. रांजण उन्हात आला, कारण सावलीत तो लांबून दिसत नव्हता. सगळ्या घरांची गांडुळं त्यात ओतली, तरी तो अर्धाच भरला. मग पाटलांनी गावजेवण घातलं आणि उरलेला भात, कढी, तेलाचा गाळ, लोणच्याचा खार, सगळं रांजणात ओतायला सांगितलं. राखण सगुणाकडे होती.

ती म्हणाली, "पाटील, गांडुळाला दात नसतात. कुजून मऊ होईल तेवढंच ते खातं."

"मग कुजव लवकर. राजा काय तुझ्या गांडुळांच्या सवडीनं येणार आहे, सगुणे?"

लोक हसले. सगुणाही कसनुसं हसली.

तिसऱ्या दिवशी तिने रांजणात हात घातला. आत तापलेल्या अंगासारखं गरम लागलं. गांडुळं गुंतवळ करून काठाकडे चढत होती आणि बाहेर पडून कातळावर वाळत होती. तिने पाटलांना बोलावलं.

पाटील खूश झाले. "बघा, राजाच्या दर्शनाला वर आलीत."

लोकांनी मान डोलावली. सगुणाला कळत होतं की ही जीव वाचवायला निघाली आहेत. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पाटील म्हणाले, "उद्या राजाला तूच ओवाळायचंस बरं का, सगुणे. गावात दुसरी आहे कोण?"

सगुणाने तोंड मिटलं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाशी म्हटलं आणि झाकण ठेवून वर दगड ठेवला.

राजा आला. रांजणाला झेंडूच्या माळा होत्या, तोंडावर रेशमी कापड. सगुणाने ओवाळलं. राजाने भरलेला रांजण पाहिला, पाटलांच्या खांद्यावर शेला घातला आणि तोंडातला विडा संपायच्या आत तो पुढच्या गावाला निघून गेला. झाकण काढा, असं तो म्हणाला नाही. त्याच्याबरोबरच्या वीस शहाण्यांपैकीही कोणी म्हणालं नाही.

संध्याकाळी झाकण काढलं. आत काळा, आंबलेला चिखल होता. त्यात हलणारं काहीच नव्हतं.

मग प्रत्येकजण सांगू लागला, "मला कालच वास आला होता." खरं होतं ते. वास सगळ्यांनाच आला होता. गावात नाकं होती, तोंडं नव्हती.

पडव्यांतले रांजण रिकामे पडले. वाल सुकले. पाटलांच्या परसातले सगळ्यांत आधी सुकले, पण त्याने कोणाचंच पोट भरलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी धाकटीने विचारलं, "आई, माझी ओंजळ?"

सगुणा तशीच उठली. ती डोंगर ओलांडून पलीकडे थोरलीच्या दारात गेली. त्या मुलखात आईबाप लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. सगुणा तहानलेली होती. तिने पाणी मागितलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने पदर पसरला.

"मी दिलं होतं त्यातलं थोडं परत दे," ती म्हणाली.

थोरलीने पुढचं विचारलं नाही. आपल्या रांजणात दोन्ही हात घालून तिने ओंजळ भरली आणि आईच्या पदरात घातली. "आई, आत तरी ये."

"कोणत्या तोंडानं येऊ? बोलायचं होतं तेव्हा ते मिटलं मी."

ती ओंजळ तिने जशीच्या तशी धाकटीच्या ओटीत घातली. स्वतःच्या रांजणासाठी तिने त्यातलं एक गांडूळही ठेवलं नाही. त्यानंतर गावातल्या आया एकेक करून पदर सावरत लेकींच्या गावांची वाट चालू लागल्या. सगुणा पुन्हा गेली नाही. तिच्या पडवीतला रांजण शेवटपर्यंत रिकामा राहिला आणि त्याच्यावर तिने कधी झाकण ठेवलं नाही.

तात्पर्य: जिवाच्या आकांताने वर आलेल्यांना जो दर्शनाला आलेले म्हणतो तो दोषी असतोच, पण खरं माहीत असून जो झाकण ठेवतो त्याचा दोष मोठा.