खाऊबाजारातला मुराळी

एकदा काय झालं, आवडी सासरहून माहेरी यायला निघाली आणि पोचलीच नाही. मग आईनं तिच्या भावाला, भिवाला, मुराळी म्हणून धाडलं. मुराळी म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? लेकीला माहेरी आणायला जातो तो. आई म्हणाली, "तिला घेऊनच ये रे."

मग भिवा चालला, चालला. घाटाखाली एक माळ लागला. दिवसा तिथं चिटपाखरू नसायचं, पण दिवेलागण झाली की खाऊचा बाजार भरायचा. वेशीवर एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "बघ हवं तेवढं, पण घास तोंडात घालू नकोस. इथलं खाल्लं की माणूस आपली माणसं विसरतो."

भिवा आत शिरला. आणि काय सांगू तुम्हाला! बत्त्या भकाभका जळतायत, तव्यांवर उलथणी खणखणतायत, नुसता गलका. गुंड्या, मिटक्या मारू नकोस, आत्ताच जेवलायस!

पहिल्या चुलीवाल्यानं कांदाभजी पुढे केली. भिवानं हात मागे घेतला. मग दुसऱ्यानं गरम जिलबी अगदी नाकापाशी धरली. पोटात कावळे ओरडत होते, तरी भिवानं तोंड फिरवलं.

तिसऱ्या चुलीपाशी आवडी घावनं घालत होती. हो, आपली आवडीच!

"आवडे, अगं मी भिवा! चल घरी, आई वाट बघतेय."

तिनं वर पाहिलं, परक्याकडे बघावं तसं. त्यानं तिला घर सांगितलं, गोठा सांगितला, आईचं नाव सांगितलं.

"मला काहीच आठवत नाही, दादा," ती म्हणाली. "पण एवढं सांगतोयस तर येईन. आधी घावन खा. मुराळी न जेवता लेकीला नेतो का कुठं?"

बघा, माणसं विसरली होती, रीतभात नव्हती विसरली. मुराळ्यानं जेवूनच लेकीला न्यायचं असतं, नाहीतर अपशकुन. भिवाला वाटलं, एकच घास. मी कसला विसरतोय! त्यानं डाव्या हातानं तिचा हात घट्ट धरला आणि उजव्यानं घास घेतला.

घास गिळला. मग हातातल्या हाताकडे बघत म्हणाला, "बाई, मी तुमचा हात का धरलाय?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "बसा, अजून एक घालते."

मग भिवा तिथंच राहिला, पीठ ढवळायला लागला.

इकडे आई दारात बसून बसून थकली. मग तीच निघाली. म्हाताऱ्यानं तिलाही बजावलं. तिनं आपली दोन्ही लेकरं पाहिली, तीनदा हाका मारल्या. दोघं म्हणाली, "काय वाढू, आजी?" मग ती रडली रे, खूप रडली. आणि डोळे पुसून चुलीपाशी बसली. म्हणाली, "वाढ गं बाई."

आता तिघं एकाच चुलीपाशी असतात. घावनं घालतात, हसतात, पोटभर जेवतात. सुखात आहेत हो. कुणी कुणाला ओळखत नाही, एवढंच.

चला, पांघरुणं घ्या. झोपा आता. आणि सकाळी उठलात की आधी मला हाक मारा.