वैजयंतीबाईंचा नवा फळा

एका तालुक्याच्या गावातील शाळेत वैजयंतीबाई संस्कृत शिकवीत असत. नव्या यंत्रांचे त्यांना कधी भय वाटले नव्हते. लहानपणी घरात टेपरेकॉर्डर आला, तो प्रथम त्यांनीच चालवला. कॉलेजात संगणक आला, तोही त्या शिकल्या. मोबाईल आले तेव्हा सारे नातलग आपापले फोन घेऊन त्यांच्याकडेच धावत. पण त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर वर्गात डिजिटल फळा आला आणि तो काही केल्या त्यांना जमेना. भर तासात लिहिलेला सगळा पाठ पुसला गेला. मुले खो-खो हसली. बाईंनी नोकरी सोडायचे ठरवले.

निर्णय सांगायला त्या आपल्या वृद्ध गुरूंकडे गेल्या. सरांनी सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "बरं. पण त्याआधी मला एक शिकव. या फोनवर समोरच्याचा चेहरा दिसतो म्हणे. तो कसा?"

बाई शेजारी बसल्या आणि आपल्या लेकीला फोन कसा लावायचा ते दाखवू लागल्या. सरांनी भलतेच बटण दाबले. लागत आलेला फोन तोडला. मग कॅमेऱ्यावर अंगठा ठेवून विचारले, "अंधार का गं झाला?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी अंगठा हळूच बाजूला केला. "असू द्या सर, पुन्हा करू."

अखेर पडद्यावर बाईंची लेक दिसली, तेव्हा सरांपेक्षा बाईच अधिक हरखल्या.

थोड्याच वेळात सरांच्या नातवाचा व्हिडिओ कॉल आला. सरांनी तो सराईतपणे घेतला, कॅमेरा उलटा फिरवून त्याला अंगणातला चाफा दाखवला आणि फोन ठेवला. बाई थक्क झाल्या.

"सर, तुम्हाला तर सगळं येतं! मग मघाशी हे कशासाठी?"

सर म्हणाले, "माझा अंगठा पाहून तू हसलीस. तेव्हा मी तुला मूर्ख वाटलो?"

"छे, सर! उलट मायाच वाटली."

"मग मुलांच्या हसण्यात तुला अपमानच का दिसला? एखाद्याच्या मनात असेलही, पण सगळ्यांच्या? वैजयंती, आजवर तू सगळ्यांना शिकवत आलीस. सगळ्यांच्या पुढे राहण्याचं ओझं तुझ्यावर कुणी टाकलं नव्हतं, तूच ते उचललंस. ते आता खाली ठेव. शिकवणाऱ्याला केवढा आनंद होतो, हे तुला आत्ताच कळलंय. तो कधीतरी मुलांनाही मिळू दे."

बाईंचे डोळे भरून आले.

सोमवारी वर्गात त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "मला हे अजून जमत नाही. कोण दाखवतं?"

अर्धा वर्ग उठला. बाईंनी फळ्याचे पेन पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हाती दिले आणि तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या. किती दिवसांनी त्यांना इतके हलके वाटत होते.