ठकूसुईणीचा विळा

फार वर्षं झाली. ओढ्यावर तेव्हा फरशीचा पूलसुद्धा नव्हता, आणि बोरदऱ्यात ठकू नावाची सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलं होतं. तिनं पोटावर हात ठेवला की बाळाला वाट सापडायची, असं म्हणतात.

बोरदऱ्याची नागपंचमी कडक. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही. कापलं तर नागोबाचं अंग कापलं जातं. म्हणून आदल्या दिवशी घरोघरचे विळे, कोयते नागोबाच्या देवळात कुलपात जायचे. ठकूचा नाळ कापायचा विळाही त्यातच.

चिमाक्कानं एका पंचमीला विसरून भोपळा चिरला होता. त्याच सांजेला तिच्या नवऱ्याला साप चावला. तेव्हापासून पंचमी आली की ती आपलेच हात पदरात गुंडाळून बसायची.

अशाच एका पंचमीला, भर दुपारी, तिची सून मंजुळा अडली. बाळाचं डोकं आलं, पण गळ्याभोवती नाळेचे दोन घट्ट वेढे. बाळ काळंनिळं पडत चाललं.

"चिमाक्का, देवळातनं विळा आणा. धावा!" ठकू ओरडली.

"येडी का काय तू? पंचमी हाय आज!"

"आत्याबाई, पाया पडते," मंजुळा कण्हली.

चिमाक्काला भोपळा आठवला. तिचे पाय उठेनात. दारातल्या बायका सुपातल्या लाह्या निवडत राहिल्या. एक म्हणाली, "नागोबा काय तुझा भाचा हाय व्हय गं ठकू, तुला सोडाया?"

ठकूनं नाळेला दोरा आवळला, वाकली आणि नाळ दातांनी तोडली. बाळाचं रडणं शिवेपर्यंत गेलं, असं म्हणतात.

पंधरवड्यात गावातली दोन माणसं साप चावून गेली. पहिलं बोट कुणी दाखवलं? चिमाक्कानं. तोच नातू मांडीवर घेऊन ती म्हणाली, "हिनं दात लावला, म्हणून नागोबानं लावला."

गावानं ठकूला हाकललं. तिचा विळाही ठेवून घेतला. जाताना तिनं बाळ बघायला मागितलं, तर चिमाक्कानं त्याच्या तोंडावर पदर ओढला.

ओढा दुथडी भरलेला. ठकू उतरली तशी तिच्यापुढे एक पिवळा नाग पोहू लागला आणि पाणी दोन्ही अंगांना सरलं. त्या नागाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, असं म्हणतात.

पुढच्या पंचमीला चिमाक्काची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. तीच दुपार, तसेच वेढे. नवी सुईण नुसतीच रडत बसली. या वेळी चिमाक्का धावली. दगडानं कुलूप फोडलं. हाताला लागला तो ठकूचाच विळा. घेऊन आली, तोवर बाळ गेलं होतं. त्या लेकीनं पुन्हा कधी माहेरचा उंबरा ओलांडला नाही.

चिमाक्का तशीच ओढ्यावर गेली. हात पुढे करून ओरडली, "ठकूबाय, मागू नगंस, ह्यो घे!" पलीकडे कुणी नव्हतं. काल जिथं मोकळी जमीन होती तिथं पुरुषभर उंच वारूळ उभं होतं, असं म्हणतात.

अजूनही बोरदऱ्यात पंचमीला हत्यारं देवळात जातात, पण कुलूप लावत नाहीत. ज्या घरात पोटुशी बाई असेल तिथली सासू एक विळा मागं ठेवते. उंबऱ्याबाहेर हात लांब करून म्हणते, "ठकूबाय, मागू नगंस, ह्यो घे." हात भरून येईस्तोवर धरायचा असतो.

कुणी घेत नाही. मग तो विळा चौकटीला टांगायचा.