काळ्या रंगाखालची रेघ

घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध कारागीर राहत असे. डोंगरात, नदीपात्रात, जिथे रस्ता नावालाही नाही अशा ठिकाणी जाणाऱ्या ट्रकांना मागचे पोलादी बंपर बसवणे हा त्याचा व्यवसाय. गाडीबरोबर आलेला बंपर दगडाला घासला की पापडासारखा मोडतो, म्हणून लोक लांबून त्याच्याकडे येत. सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्याचे नाव मी सांगत नाही. गोष्ट संपेपर्यंत ज्याला त्याला तिथे आपलेच घालावेसे वाटेल.

वस्तादाची एक पद्धत होती. बंपर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसला, नट आवळून झाले, की तो पिवळ्या रंगात बारीक ब्रश बुडवी आणि प्रत्येक नटावरून खालच्या पोलादावर एक रेघ ओढी. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटे. गाडी ताब्यात देताना तो मालकाला सांगे, "खडतर रस्त्यावरून आलास की मागे वाकायचं. चिखल धुवायचा. पिवळी रेघ तुटलेली दिसली, तर पाना लावल्याशिवाय पुढं जायचं नाही."

शिष्याच्या हातात कला होती आणि ती आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. त्याचा बालपणीचा मित्र हैबती नदीपलीकडच्या वाड्यांना माल पोचवी. त्याने नवा ट्रक घेतला तेव्हा बंपर शिष्यानेच घडवला. जाड पोलाद, ओढण्यासाठी भक्कम हूक, स्टेपनीसाठी बिजागरीवर फिरणारा हात आणि वर आरशासारखा काळा रंग. अख्खा गाव पाहायला येणार होता. अशा कामावर वस्तादाने येऊन पिवळ्या रेघा ओढल्या तेव्हा नवरदेवाच्या कोटाला ठिगळ लावावे तसे शिष्याला झाले. वस्ताद चहाला गेला आणि शिष्याने काळा ब्रश उचलला. एकेक रेघ त्याने अशी झाकली की शोधूनही सापडू नये. 'आपल्या हातचं काम सैल व्हायला काय झालंय?' असे तो मनाशी म्हणाला.

हैबती आला. वस्तादाने नेहमीचे शब्द सांगितले, हैबतीने मान डोलावली आणि ट्रक घेऊन गेला.

पोलाद कितीही भक्कम असो, दोन पत्र्यांमधला नवा रंग दबतो, दगडधोंड्यांचे हादरे बसतात आणि नट हळूहळू सैल होतो. हैबती शब्दाचा पक्का. प्रत्येक खेपेनंतर तो मागे वाकून पाही. तुटलेले पिवळे काही दिसत नसे, म्हणून निर्धास्त होई. एके दिवशी नदीपात्रात कुणाची तरी जीप रुतली. हैबतीच्या धाकट्या भावाने साखळी बंपरच्या हुकात अडकवली, हैबतीने गाडी पुढे घेतली, आणि बंपर एका बाजूने उखडून गर्रकन फिरला. भावाचा गुडघा चिरडला.

इस्पितळाच्या ओसरीत हैबती शिष्याच्या गळ्यात पडून रडला. "वस्तादांनी सांगितलं होतं रे. रेघ तुटलीच असणार, मलाच दिसली नाही. चाळिशी लागली, चष्मा करायचा कंटाळा केला. माझ्या डोळ्यांनी भावाचा पाय नेला."

सांगायची वेळ होती ती हीच. शिष्याचे ओठ हललेही. पण बाहेर शब्द आले ते निराळेच. "असू दे हैबती. नशिबाचे भोग," असे म्हणून त्याने मित्राच्या पाठीवरून हात फिरवला.

मोडका बंपर वस्तादाच्या गॅरेजमागे येऊन पडला. भाऊ कुबडी घेऊन चालू लागला. हैबतीने ट्रक विकला. 'ज्याला दिसत नाही त्यानं चाक धरू नये,' असे तो म्हणतो, हे येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळत राहिले. शिष्याने नदीपलीकडच्या हैबतीच्या गावाची वाट सोडली. काम मात्र तो पूर्वीपेक्षा अधिक करू लागला, मनात सल असलेली माणसे करतात तसे.

एके सकाळी वस्तादाने त्याला तारेचा ब्रश दिला. "मागं हैबतीचा बंपर पडलाय. त्याचे नट घासून काढ."

"वस्ताद, भंगारात जायचाय तो. भंगार कोण घासतं?"

"तू घास."

गिऱ्हाईक खोळंबले होते आणि वस्ताद भंगार चकाकवायला सांगत होता. शिष्य घासायला बसला. काळ्या रंगाची खपली उडाली आणि खालून पिवळे दिसले. अर्धी रेघ नटावर, अर्धी पोलादावर. दोघींची तोंडे दोन दिशांना. तो पुढच्या नटाकडे गेला. तिथेही तेच. त्याचा हात थांबला.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?" त्याने वर न पाहता विचारले.

"बंपर परत आला त्याच दिवशी पाहिलं." वस्ताद त्याच्याशेजारी जमिनीवर टेकला. "तू सांगशील म्हणून वाट पाहिली. त्यात मी चुकलो. गाडी सोडताना वाकून पाहिलं नाही, तिथंही चुकलो. तुझ्यावर भरवसा टाकला आणि चहा पीत बसलो."

वस्तादाने तुटलेल्या रेघेवर बोट ठेवले. मग वस्ताद म्हणाला, "नट सैल होणारच. माणसाच्या हातचं काम आहे, त्याला सैल व्हायचा अधिकार आहे. म्हणून तर रेघ. तुझं काम सैल झालं याचा मला राग नाही, बाळा. सैल झालेलं कुणाला दिसू नये अशी तू तजवीज केलीस. रंगाचा पहिला हात इथं दिलास, तो पोरकटपणा होता. दुसरा इस्पितळात गप्प राहून दिलास. त्या हाताखाली हैबती अजून दबून बसलाय."

शिष्याने ब्रश खाली ठेवला, हात धुतले आणि तो नदीपलीकडे निघाला.

हैबती अंगणात बसला होता. त्याच्या नाकावर नवा, जाड भिंगांचा चष्मा होता. शिष्याने उभ्याउभ्याच सगळे सांगितले, कारण बसलो तर जमणार नाही हे त्याला कळले होते. हैबतीने ऐकले. चष्मा काढून तो हातात फिरवत राहिला.

"म्हणजे रेघ नव्हतीच तिथं."

"होती. मी झाकली होती."

"मी वाकून बघत होतो," हैबती म्हणाला. "दर खेपेला बघत होतो रे." चष्मा त्याने बाजूला ठेवला. "मी भावाच्या नजरेला नजर देत नाही. जेवायलासुद्धा वेगळा बसतो. इस्पितळात बोलला असतास तर..." मग त्याने आत तोंड करून हाक मारली, "बाहेर ये रे जरा. हा काय सांगतोय ते ऐक."

कुबडीचा आवाज दाराकडे येऊ लागला. शिष्याला सगळे पुन्हा, पहिल्यापासून सांगावे लागले. त्या दिवशी त्या घरात त्याला कुणी 'बस' म्हटले नाही आणि 'जा'ही म्हटले नाही. निघताना त्याने मागे वळून पाहिले, तर दोघे भाऊ एकाच पायरीवर बसलेले होते आणि थोरल्याचा हात धाकट्याच्या गुडघ्यावर होता.

पुढे वस्तादाच्या पश्चात गॅरेज शिष्याकडे आले. रेघा तो स्वतः ओढी, आणि मालकाला मागे नेऊन वाकायला लावल्याशिवाय गाडी सोडत नसे. हैबती पुन्हा कधी त्याच्याकडे आला नाही.

आपणही कुणाच्या पाठीवरून हात फिरवून 'नशीब' असे म्हणताना, आपला काळा ब्रश कुठे ठेवला आहे ते एकदा पाहावे.