घटकेची वाटी

फार मागची गोष्ट, घड्याळं अजून जन्माला यायची होती तेव्हाची. एका गावात पाण्याचा पाट एकच होता आणि शेतं होती चाळीस. भांडणं नकोत म्हणून गावाने एक सोय केली होती. पिंपरीच्या झाडाखाली पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवलेलं असे. त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. हळूहळू पाणी आत शिरे आणि वाटी बुडे, म्हणजे एक घटका झाली. मग घंटेवर टोला पडे आणि पाणी पुढच्या शेताकडे वळे. हे काम एका म्हाताऱ्याकडे होतं. सगळे त्याला घटकेबुवा म्हणत.

त्याच गावात म्हाळसा नावाची विणकरीण राहत होती. तिच्या मागाची खटखट दोन आळ्या ओलांडून ऐकू जाई. एका वर्षी ती बंद पडली. घरातलं कोणी वारलं नव्हतं, कुणाशी वाकडं आलं नव्हतं. तरी म्हाळसा भिंतीकडे तोंड करून पडून राही. केस विंचरणंही तिला डोंगराएवढं वाटे. लोक विचारत, "झालं तरी काय?" आणि आपल्याकडे उत्तर नाही, याचीच तिला जास्त लाज वाटे.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कोणी म्हणे हसत जा, कोणी म्हणे मन घट्ट कर, जणू मन म्हणजे पोत्याचं तोंडच. एकटे वैद्यबुवा म्हणाले, "हा आजार आहे, पोरी. काढा घे, आणि एकटी राहू नकोस." काढा ती घेऊ लागली. एकटेपणाचं काय करायचं, ते तिला कळेना.

एके सकाळी घटकेबुवा काठी टेकत तिच्या दारात आला.

"डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय गं. वाटी बुडालेली दिसत नाही. सकाळच्या दोन घटका माझ्याजवळ बसशील?"

"माझ्यानं काही व्हायचं नाही, बाबा."

"करायचं काहीच नाही. बुडाली की सांगायचं."

नाही म्हणायलाही बळ लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं. ती गेली. "बुडाली," एवढा एकच शब्द ती त्या दिवशी दोनदा बोलली. दुसऱ्या दिवशीही गेली. महिन्याभरात वाटी ती स्वतः उचलू लागली, टोलाही देऊ लागली. येताना तिचे केस विंचरलेले असत.

मग एक दिवस घटकेबुवाला ताप आला आणि म्हाळसा घंगाळापाशी एकटीच बसली. बसल्या बसल्या ते जुनं सावट पुन्हा तिच्यावर आलं. वाटी बुडालेली तिला दिसली, पण हात उठेना. ऊन चढलं, घंटा वाजलीच नाही. पाटाच्या टोकाला काशीचं शेत होतं. तिच्या मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या.

म्हाळसा घरी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळली. आपल्यावर काही सोपवणंच चूक, आता उठायचंच नाही, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी काशी बुवाचा हात धरून तिच्या दारात आली. बुवाने विचारलं, "काल वाटी किती वेळ बुडून होती?"

"ठाऊक नाही, बाबा."

"मलाही नाही. बुडालेला वेळ मोजता येत नाही. वाटी उचलायची, रिकामी करायची, पाण्यावर सोडायची आणि तिथून पुढं मोजायचं. जन्मभर मी हेच केलंय."

"पण मी पुन्हा बुडेन."

"बुडशील. वाटी दिवसातून तीसदा बुडते, म्हणून कुणी ती फेकून दिली नाही. मात्र ती आपली आपण वर आलेली मी एकदाही पाहिली नाही."

काशीने हात पुढे केला. "ऊठ बाई. रोपं अजून हिरवी आहेत."

म्हाळसाने तो हात धरला. त्या दिवशी पहिली पाळी मिरचीला मिळाली, आणि निम्मी रोपं वाचली.

त्यानंतर म्हाळसा कधी खचली नाही असं सांगितलं, तर गोष्ट खोटी होईल. खचे. पण गावाने तिचा माग पिंपरीखाली आणून मांडला, आणि दोन टोल्यांच्या मधल्या वेळात ती वीतभर कापड विणू लागली. कधी घंटेला उशीर झाला, तर कोणी ओरडत नसे. ज्याची पाळी असे तो आधी तिच्या दाराकडे जाई. कधी लगेच, कधी ऊन चढल्यावर, पण टोला पडे.

तात्पर्य: बुडण्याची लाज धरू नये, पुढे आलेला हात धरावा आणि रोजच्या लहानशा कामापासून पुन्हा सुरुवात करावी.